डावी बाजू

प्रिय तौफिक,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की तुझा हात आधी फाडायला उठेल, मला ठाऊक आहे. लहानपणी भांडण झालं की तू माझी पुस्तकं अशीच टराटरा फाडायचास आणि मग कोपऱ्यात बसून स्वतःच रडायचास. या वेळी फाडू नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण तू माझा नंबर ब्लॉक केलास, तुझ्या मेहुण्याचा, मुबीनचाही केलास. ईदला मी शीरखुर्म्याचा डबा घेऊन देहूरोडला आले, तर मी दारातून आत आणि तू चपला घालून बाहेर. तुझी बायको यास्मिन बिचारी पातेलं हातात धरून मध्येच उभी. मी अब्बांजवळ बसले, ते म्हणाले, “तौफिक आत्ता इथंच होता ना?” मी म्हटलं, कामाला गेला असेल. ईदच्या दिवशी कसलं काम, असं त्यांनी विचारलं नाही. तेव्हापासून तुला लिहायचं मनात आहे, पण पेन हातात धरलं की काय लिहू तेच सुचत नव्हतं. आज सुचतंय असंही नाही. पण आज लिहिलं नाही तर फार उशीर होईल, म्हणून जसं येईल तसं लिहिते.

माझं बरं आहे. निघोजेला कंपनीत रोजचंच, गाडीतल्या वायरींचे जुडगे तपासायचे, कुठे पिन सैल, कुठे टेप सुटलेली, ते बघायचं. मुबीनच्या दुकानासमोर पुन्हा रस्ता खणलाय, गिऱ्हाईक लांबूनच वळून जातं, म्हणून तो दिवसभर चिडलेला असतो. तुला हसायला येईल अशी एक गोष्ट सांगते. माझ्या पापण्यांचे केस लांबच्या लांब वाढलेत, नवरीसारखे. लाइनवरच्या बायका विचारतात, मंतशा, कामाला येताना मस्कारा लावतेस होय? मी हसण्यावारी नेते. तो मस्कारा नाही रे, ते माझ्या डोळ्यांतल्या थेंबांमुळे. रोज संध्याकाळी एकेक थेंब, आता आयुष्यभर. तू असतास तर “आपा, नटी झालीस की” म्हणून डिवचलं असतंस. तुझं ते डिवचणं मला आठवतं आणि मी भांडी घासता घासता रडते, हे मुबीनलाही माहीत नाही.

आपलं गॅरेज आठव. हायवेवरून ट्रक जायचा आणि तू खाली गाडीखाली पडूनच सांगायचास, अब्बा, याचा गिअरबॉक्स गेलाय. अब्बा म्हणायचे, “चांदभाईच्या पोराचे कान बघा!” पण डोळे त्यांचेच होते. सुईच्या टोकाएवढी तडा गेलेली जागा त्यांना दिसायची. मग हळूहळू कसं झालं, ते तुला माहीत आहे, तरी मला आज पुन्हा सांगू दे. आधी ते दिव्याची तक्रार करायला लागले. भर दुपारी म्हणायचे, बल्ब मोठा लाव. मग पायात जॅक यायला लागला. गुडघ्यावर जखमा असायच्या, आणि अम्मी हळद लावताना ओरडायची की चालताना लक्ष कुठे असतं तुमचं. कपाच्या बाहेर चहा ओतला, तर आपण हसलो. ते स्वतःही हसले. एक दिवस गॅरेजमधल्या खड्ड्यात पडले, ज्या खड्ड्याभोवती ते तीस-पस्तीस वर्षं वावरले होते. तेव्हाही म्हणाले, “खड्डा इथं होता हे माहीत होतं, पण पाय कुठं पडला ते कळलंच नाही.”

सगळ्यांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे. वय झालं की होतोच. चष्म्याच्या दुकानातला माणूस म्हणाला, अजून कच्चा आहे, पिकू द्या, मग काढून टाका. अब्बांना ते फार पटलं. फळाची वाट बघावी तशी ते वाट बघत बसले. येईल त्याला सांगायचे, पिकला की काढणार, मग बघा, पुन्हा सगळं लख्ख. आणि त्या वाट बघण्यात आतली नस रोज थोडी थोडी सुकत होती. अखेर तूच त्यांना चिंचवडच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेलंस. मी मागून पोचले तेव्हा तू बाकावर बसला होतास आणि अब्बांचा हात तुझ्या दोन्ही हातांत होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. नावं सख्ख्या बहिणींसारखी, पण मोतीबिंदू काढला की नजर परत येते, काचबिंदूत गेलेली नजर कधीच परत येत नाही. वेळेत आला असतात तर जेवढी होती तेवढी राखता आली असती, असं त्या म्हणाल्या. अब्बांनी शांतपणे विचारलं, “आता थेंब घातले तर?” डॉक्टरीणबाईंनी तुझ्याकडे पाहिलं. तू बाहेर येऊन भिंतीवर डोकं टेकवलंस. निघताना त्या आपल्या दोघांना म्हणाल्या होत्या की हे घराण्यात उतरतं, तुम्ही भावंडांनी वर्षातून एकदा डोळे दाखवत जा. आपण माना हलवल्या. पण त्या दिवशी अब्बांना जिना कसा उतरवायचा, याशिवाय कुणाच्या डोक्यात काही शिरलंच नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर आमच्या कंपनीत वार्षिक तपासणी होती. दर वर्षी होते. रक्त, बीपी, आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. या वेळी डोळ्यांसाठी बाहेरून माणसं आली होती, कॅन्टीनमध्ये टेबलावर एक मशीन मांडलं होतं. मी जाणारच नव्हते. गाडी भरायची होती, आमचा लाइन लीडर शेखर दारात उभा राहून ओरडत होता, “पटापट उरका राव, माल थांबलाय!” खरं सांगू? पाय दुखत होते, खुर्चीवर बसायला मिळेल म्हणून गेले. तक्ता मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मग त्या मुलीने हनुवटी मशीनवर ठेवायला सांगितली, डोळ्यावर फुस्सकन हवा आली, मी दचकले आणि मागच्या बायका हसल्या. तिने पुन्हा केलं. मग पुन्हा. ती हसत नव्हती. तिने विचारलं, “ताई, घरात कुणाला काचबिंदू आहे?” तौफिक, मी अब्बांचं सांगितलं. मी म्हटलं, पण मला तर सगळं दिसतंय, आत्ताच वाचून दाखवलं ना. ती म्हणाली, तक्त्यावर समोरचं दिसतं की नाही तेवढंच कळतं ताई, हा आजार बाजूने येतो.

चिंचवडच्या त्याच हॉस्पिटलात त्यांनी बाहुली मोठी करून आतली नस बघितली, मग एका पांढऱ्या भांड्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालून बसवलं. मध्ये एका ठिपक्याकडे टक लावून बघायचं, आजूबाजूला बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी मन लावून दाबत होते. मला वाटलं, सगळे टिपले. नंतर डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. त्यावर एका डोळ्याच्या कोपऱ्यात करडा डाग होता. तिथले दिवे लागून विझून गेले होते आणि मला त्यांचा पत्ताच नव्हता. मला वाटायचं, नजर जाते तेव्हा समोर काळोख दिसत असेल. तसं काही होत नाही रे. एक डोळा दुसऱ्याचं सांभाळून घेतो, डोकं उरलेलं स्वतःच्या मनाने भरून काढतं. जे दिसत नाही, ते दिसत नाही हेच कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. मी त्यांना विचारलं, अब्बांसारखं होणार का माझं? त्या म्हणाल्या, “तू लवकर सापडलीस. थेंब चुकवू नकोस, तपासणी चुकवू नकोस, म्हातारी होईपर्यंत बघत राहशील.” मग त्यांनी लगेच विचारलं, भाऊ आहे ना तुला?

मी तिथून थेट तुझ्याकडे आले होते. तू जेवत होतास. मी ताटासमोर बसून सगळं सांगितलं, तू म्हणालास, “आपा, मला शेवटची ओळ वाचता येते. दिखता है ना, बस.” मी म्हटलं, मलाही वाचता येते. तू म्हणालास, बघू. तुझं ते बघू कितीतरी दिवस चाललं. आणि मग तळवड्याच्या चौकात तू चालवतोस त्या बसने ती स्कूटरवाली बाई पाडली. हात मोडला तिचा, अल्लाहची मेहेरबानी की चाक पुढे गेलं नाही. तू घरी येऊन सगळ्यांना सांगत होतास, डावीकडून कुठून आली ती, कळलंच नाही. मी उंबऱ्यात उभी होते. ‘कळलंच नाही’ ऐकलं आणि मला गॅरेजचा खड्डा दिसला. त्या संध्याकाळी मी तुझ्या पाया पडले, आठवतं? मोठी बहीण असून पडले. तू मला उठवलंस आणि म्हणालास, सगळ्यांचेच अपघात होतात, आता मला आजारी ठरवू नकोस.

म्हणून मी तुझ्या बसमालकाकडे, ज्योतीरामभाऊंकडे गेले. चोरून गेले नाही, मुबीनला सोबत घेऊन भर दिवसा गेले. सांगितलं, आमच्या घरात हा आजार आहे, याचे डोळे नीट तपासल्याशिवाय याच्या हातात माणसांनी भरलेली गाडी देऊ नका. त्यांनी तुला घरी बसवलं. तू म्हणालास की मी तुझ्या पोटावर पाय दिला, आपलं नातं संपलं. मग कुठून तरी तक्ता वाचून डोळे चांगले असल्याचा दाखला आणलास आणि दुसऱ्याची गाडी धरलीस. तौफिक, त्याची माफी मी मागणार नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन. तू माझं तोंड आयुष्यभर बघितलं नाहीस तरी चालेल, पण तुला हवं तेव्हा ते बघता आलं पाहिजे. मला दुसरं काही नको.

मला कळतं तुला कशाची भीती आहे. तपासलं आणि निघालं तर लायसन जाईल, गाडी जाईल, आणि मग दारातल्या खुर्चीवर एका बाजूला अब्बा आणि दुसऱ्या बाजूला तू. तू रोज त्यांना मोरीपर्यंत नेतोस, त्यांच्या ताटात घास कुठे आहे ते सांगतोस, माशाचा काटा काढून देतोस. ते सगळं तू करतोस म्हणून तुझी भीती माझ्यापेक्षा मोठी आहे. मी तुला खोटं सांगणार नाही. किती गेलंय ते मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल आणि तू मला जन्मभर वेडी म्हणशील, मी आनंदाने ऐकून घेईन. कदाचित थोडं असेल, थेंबांवर थांबेल. कदाचित गाडी खरंच सोडावी लागेल. पण तू जितके दिवस कळून घेणार नाहीस, तितके दिवस ते थांबणार नाहीये. अब्बांनी वाट बघितली ती त्यांना माहीत नव्हतं म्हणून. त्यांना कुणी सांगितलं नाही. तुला सांगणारी मी जिवंत बसलेय आणि तू माझा आवाजच ऐकत नाहीस, या विचाराने माझं काळीज फाटतं. कामावर हातातली वायर तशीच राहते. परवा शेखरने विचारलं, मंतशाताई, काय झालंय, घरी कुणी गेलं का? मी नाही म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले. परवा दुपारी यास्मिनच्या फोनवरून अब्बांचा फोन आला. त्यांनी तिला नंबर लावायला सांगितलं होतं आणि मग तिला आत पाठवलं होतं. म्हणाले, “मंतशा, तौफिक घरात शिरताना चौकटीला डावा खांदा घासतो. तांब्या लाथाडतो. यास्मिनला वाटतं दमून येतो. मी आवाज ओळखतो बेटा, याच घरात मी असाच आपटत होतो.”   मग म्हणाले, “काल तो माझ्या पायाशी येऊन बसला आणि विचारलं, अब्बा, तुम्हाला सुरुवातीला काय झालं होतं? एवढंच. मी सांगायच्या आधी उठून गेला.” अब्बा रडत होते, तौफिक. नजर गेली तेव्हा रडले नव्हते, अम्मीच्या मयतीलाही रडले नव्हते. म्हणजे तुला कळलंय. तू एकटाच ते घेऊन फिरतोयस, गाडी चालवतोयस, आणि कुणाला सांगत नाहीयेस. अरे, निदान मला तरी सांगायचं होतंस. आज तुझी सुट्टी आहे, यास्मिनने मला सांगितलं. हे पत्र ती तुझ्या हातात देईल तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी रिक्षात बसलेली असेन. अब्बाही माझ्यासोबत असतील, ते स्वतःच येतो म्हणाले, काठी न घेता, माझा हात धरून. हॉस्पिटलात सांगून ठेवलंय. डोळ्यांत औषध घातल्यावर दिवसभर धूसर दिसतं, म्हणून तुझी मोटरसायकल काढू नकोस. माझ्याशी बोललं पाहिजे असं नाही. अब्बा मध्ये बसतील, तुला माझ्या शेजारी बसावं लागणार नाही. फक्त बाहेर ये.

तुझीच,
मंतशा आपा